हलक्या विमानासाठी संमिश्र प्रोपेलरची निवड

कल्याणहून मलंगगडाकडे जाऊ लागले की नेवाळीच्या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या धावपट्टीची जागा लागते. त्या जमिनीचा प्रश्न २०१७ च्या जून महिन्यातील शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे साऱ्या राज्याला ठाऊक झाला. तो प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु ही धावपट्टी ज्या युद्धकाळात झाली, त्याच काळात भारतात घडलेली एक घटना आपल्या विषयाच्या गाभ्याशी निगडित आहे.

१९४४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत ब्रिटिश हवाई दलाची ‘मॉस्किटो’ जातीची काही विमाने भारतात उड्डाण करीत असतानाच मोडून पडली. ही विमाने लाकडाचे पातळ थर एकमेकांस चिकटवून तयार केलेली होती. नोव्हेंबरमध्ये या भागातील सर्व मॉस्किटो विमाने तपासणीसाठी जमिनीवर थांबविण्यात आली. प्रथम दोष दिला गेला तो येथील पावसाळी हवेला. पुढे अधिक बारकाईने चौकशी झाली तेव्हा ज्या विमानांनी पावसाळा पाहिलाही नव्हता त्यांतही तेच दोष आढळले, आणि मूळ चूक इंग्लंडमधील कारखान्यांत झालेल्या सदोष जुळणीची असल्याचा निष्कर्ष निघाला. द्रव्य वाईट नव्हते. ते ज्या रीतीने जोडले गेले ती रीत वाईट होती.

आज हलक्या विमानासाठी संमिश्र द्रव्याचा प्रोपेलर निवडताना हाच धडा पुन्हा गिरवावा लागतो. कोणते द्रव्य श्रेष्ठ हा प्रश्न दुय्यम आहे. एंजिन, विमान, प्रोपेलर आणि उड्डाणाची जागा या चौघांचा मेळ बसतो किंवा नाही, हाच खरा प्रश्न होय.

विषय आपल्या दाराशी

विमानाचा पंखा निवडणे ही आपल्या राज्यातील सामान्य वाचकाला दूरची गोष्ट वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. कांदिवलीतील चारकोप येथे राहणारे वैमानिक अमोल यादव यांनी २०११ साली आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधण्यास प्रारंभ केला. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळे येथे त्याची चाचणी-उड्डाणे झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या कंपनीशी राज्य शासनाने सामंजस्य करार केला, तेव्हा कारखान्यासाठी पालघर तालुक्यातील केळवे येथील जागेचा विचार झाला होता. हा सारा भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत होता.

दुसरीकडे ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील तरुण-तरुणी वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी जातात. गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही विमाने वापरली गेली आहेत. यांपैकी दोन एंजिनांच्या डीए-४२ विमानाला जर्मनीतील एमटी कंपनीचे तीन पात्यांचे प्रोपेलर असतात. त्यांच्या पात्यांचा गाभा लाकडाचा व आवरण संमिश्र द्रव्याचे असते. बंगळूर येथील राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने तयार केलेल्या ‘हंसा-३’ या दोन आसनी विमानाचा सांगाडाच संमिश्र द्रव्याचा असून त्याला ऑस्ट्रियाचे रोटॅक्स एंजिन आणि जर्मनीच्या हॉफमान कंपनीचा दोन पात्यांचा प्रोपेलर बसविण्यात आला. अशा विमानात आपल्याच घरची मुले बसतात. म्हणून या विषयाची तोंडओळख शिक्षकांना व लोकप्रतिनिधींनाही असावी.

प्रोपेलरचे कार्य

जत्रेतील भिरभिरे वाऱ्याने फिरते. प्रोपेलरचे कार्य नेमके याच्या उलट आहे. तो एंजिनाच्या शक्तीने फिरतो आणि हवा मागे लोटतो. हवा मागे गेली की विमान पुढे ओढले जाते. प्रोपेलरचे प्रत्येक पाते म्हणजे गोल फिरणारा एक लहानसा पंखच असतो.

पात्याला पीळ का असतो, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखे आहे. समजा, प्रोपेलरचा व्यास १.७० मीटर आहे, तो मिनिटाला सुमारे २,३९० फेरे घेतो आणि विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे एका फेऱ्यात विमान सुमारे १.२६ मीटर पुढे सरकते. पात्याच्या टोकाला तेवढ्याच अवधीत ५.३४ मीटरचा घेर पार करावा लागतो, तर मध्यापासून २५ सेंटिमीटरवरच्या भागाला केवळ १.५७ मीटरचा. त्यामुळे टोकाजवळ हवा सुमारे १३ अंशांच्या कोनातून येते, तर मुळाजवळ सुमारे ३९ अंशांच्या. प्रत्येक भागाला हवेशी योग्य तो कोन साधता यावा म्हणून पाते मुळाशी उभे आणि टोकाशी पसरट असे पिळलेले असते. अमेरिकेतील राइट बंधूंनी १९०३ साली आपले विमान उडविले, त्याच्या लाकडी प्रोपेलरांची रचना याच विचाराने केली होती. ते साडेआठ फूट व्यासाचे होते आणि एंजिनाच्या शक्तीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उपयोगात आणीत.

एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढे अंतर पुढे जाण्यासाठी आखलेला असतो त्याला पिच म्हणतात. लाकडात फिरणारा मळसूत्राचा खिळा एका फेऱ्यात किती आत शिरतो, तशीच ही कल्पना आहे. कमी पिचचा प्रोपेलर म्हणजे मोटारीचा खालचा गिअर. माळशेज घाट चढताना एस.टी.चा चालक खालचा गिअर टाकतो. सपाटीवर आल्यावर वरचा टाकतो. विमानालाही धावपट्टी सोडून वर चढताना कमी पिच आणि वेगाने दूर जाताना अधिक पिच उपयोगी पडते. पिच न बदलणारा प्रोपेलर निवडताना यांपैकी एका बाजूला झुकते माप द्यावेच लागते.

संमिश्र म्हणजे काय ?

शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंतीची घरे आपण पाहिली असतील. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमातीचा लेप दिलेला असतो. नुसती कारवी वाऱ्यापावसाला अडवू शकत नाही. नुसती माती तडकून पडते. दोन्ही एकत्र आल्यावर भिंत टिकते. संमिश्र द्रव्याचे तत्त्व हेच होय. काचेचे किंवा कार्बनचे बारीक तंतू ओढ सहन करतात; त्यांना धरून ठेवणारे रेझीन त्यांना जागचे हलू देत नाही आणि भार एका तंतूवरून दुसऱ्या तंतूवर पोहोचविते.

मात्र कारवी आडवी लावून उभ्या भिंतीचे काम होत नाही, त्याचप्रमाणे तंतू कोणत्या दिशेने घातले आहेत यावर पात्याचे बळ अवलंबून असते. फिरणाऱ्या पात्यावर केवढी ओढ असते, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. दीड किलो वजनाचे एक पाते, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून ३० सेंटिमीटरवर, आणि फेरे वरीलप्रमाणे मिनिटाला सुमारे २,३९०. या स्थितीत ते पाते मधल्या तुंब्यातून बाहेर निसटण्यासाठी पावणेतीन टनांहून अधिक वजनाइतकी ओढ लावीत असते. म्हणून लांबीच्या दिशेने जाणारे तंतू पात्याच्या मुळापर्यंत अखंड असणे आणि मुळाची तुंब्यातील पकड निर्दोष असणे, यावर सर्व काही अवलंबून असते.

हलक्या विमानांच्या संमिश्र प्रोपेलरांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात गाभा लाकडाचा असतो. मुळाशी रेझीन मुरवून दाबलेले टणक लाकूड, पुढे हलके लाकूड, आणि वरून काचतंतूंचे किंवा कार्बन-तंतूंचे आवरण. आपल्या किनाऱ्यावरील लाकडी होड्यांना फायबरचा लेप देतात, त्याचीच ही अतिशय काटेकोर आवृत्ती म्हणावी लागेल. दाबलेल्या लाकडाच्या पात्यांचे हे तंत्र नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रोटोल कंपनीने लढाऊ विमानांसाठी अशी पाती मोठ्या प्रमाणावर केली होती. दुसऱ्या प्रकारात लाकूड नसते. पाते भरीव कार्बनचे असते, किंवा कार्बनच्या कवचात हलक्या फेसाळ द्रव्याचा गाभा भरलेला असतो, अथवा ते पोकळच असते.

धातू, लाकूड आणि संमिश्र

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा प्रोपेलर दणकट असतो, पावसाला भीत नाही आणि त्याची पाती पातळ करता येत असल्याने वेगात कार्यक्षम ठरतो. त्याचे वैगुण्य वजन आणि धातूचा थकवा हे आहे. खडा लागून धारेवर पडलेली बारीकशी खाच वेळीच कानसीने घासून गुळगुळीत केली नाही, तर तीतून चीर निघते आणि पाते तुटू शकते. शिवाय दर वेळी घासल्याने धातू कमी होत जातो व अखेरीस पाते बाद करावे लागते. काही एंजिनांच्या व धातूच्या प्रोपेलरांच्या जोडीत ठराविक फेऱ्यांवर घातक कंपने निर्माण होतात. तेवढे फेरे टाळावेत म्हणून फेरेमापकावर तांबडी खूण केलेली असते.

नुसत्या लाकडाचा प्रोपेलर स्वस्त, हलका आणि कंपने शोषून घेणारा असतो. परंतु लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे तुंब्याच्या बोल्टांची पकड ऋतुमानानुसार बदलते आणि ती टॉर्क पान्याने वारंवार तपासावी लागते.

संमिश्र प्रोपेलर हा या दोहोंचा सुवर्णमध्य आहे. तो हलका असतो, कंपने शोषतो, पात्याला हवा तसा आकार देता येतो, आणि धारेची झीज कारखान्यात भरून काढून पाते बहुधा मूळ आकाराला आणता येते. परंतु त्याची इजा डोळ्यांना सहज दिसत नाही, त्याची दुरुस्ती गावच्या कारागिराकडून होत नाही आणि खरेदीच्या वेळी तो महाग पडतो.

निवडीचा क्रम

पुष्कळदा निवडीची सुरुवात किंमतपत्रकापासून होते. ती चूक आहे. पुढील क्रमाने विचार केल्यास चुकीचे बरेच मार्ग आपोआप बंद होतात.

(१) परवानगी : विमानाच्या प्रकार-प्रमाणपत्राबरोबर जो तांत्रिक तक्ता असतो त्यात त्या विमानाला कोणते एंजिन व कोणता प्रोपेलर चालेल याची नोंद असते. तक्त्यात नसलेला प्रोपेलर कितीही उत्तम असला तरी तो वेगळी मान्यता घेतल्याखेरीज बसविता येत नाही. प्रोपेलरलाही स्वतःचे स्वतंत्र प्रमाणपत्र असते. हे कागद आधी पाहावेत, दर मागून विचारावेत.

(२) एंजिन : अश्वशक्ती, फेरे, आणि एंजिन व प्रोपेलर यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे किंवा नाही, हे पाहावे. हलक्या विमानांत सर्वत्र आढळणारे १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स-९१२ एंजिन मिनिटाला ५,८०० फेरे घेते. परंतु तेवढे फेरे केवळ पाच मिनिटांपुरते मान्य आहेत, सतत चालविण्याची मर्यादा ५,५०० ची आहे. २.४३ पट घट करणाऱ्या गिअरबॉक्समुळे प्रोपेलर मात्र सुमारे २,३९० फेरेच घेतो. या गिअरबॉक्सला जड प्रोपेलर सोसत नाही. म्हणून एंजिनाच्या निर्मात्याने प्रोपेलरच्या जडत्व-परिबलावर ६,००० किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटर अशी मर्यादा घातली आहे. या वर्गातील विमानांत संमिश्र प्रोपेलर रूढ झाला त्याचे एक मोठे कारण हेच आहे. उलट गिअरबॉक्स नसलेल्या एंजिनाच्या स्फोटांचे हादरे सरळ पात्यांवर येतात. तेथे त्या विशिष्ट जोडीची कंपन-चाचणी झालेली आहे का, हे विचारणे अगत्याचे आहे.

(३) व्यास : मोठा प्रोपेलर पुष्कळ हवा सावकाश लोटतो आणि लहान प्रोपेलर थोडी हवा जोराने लोटतो, यांत पहिली रीत अधिक किफायतशीर असते. गणित केल्यास १०० अश्वशक्तीला व्यास १.७० ऐवजी १.६० मीटर ठेवला तर उभ्या विमानाला मिळणारी सैद्धांतिक ओढ सुमारे ४ टक्क्यांनी घटते. पण व्यास वाढवीत नेण्यालाही मर्यादा आहेत. टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागला की कार्यक्षमता ढासळते व गोंगाट असह्य होतो. वरील उदाहरणातील टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २१३ मीटर, म्हणजे ध्वनिवेगाच्या सहा दशांशांइतका आहे. तो समाधानकारक होय. दुसरी मर्यादा जमिनीची. पुढे चाक असलेल्या विमानात पात्याचे टोक व जमीन यांत किमान १८ सेंटिमीटर, आणि मागे चाक असलेल्या विमानात किमान २३ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे, असा रूढ नियम आहे.

(४) पिचची पद्धत : पिच कायमचे ठरलेले, जमिनीवर बदलता येणारे आणि उड्डाणात बदलणारे असे तीन पर्याय असतात. तिसरा सर्वांत कार्यक्षम, परंतु वजन, किंमत व देखभाल यांत सर्वांत भारी. दिवसातून अनेकदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या व धावपट्टीच्या आसपासच घिरट्या घालणाऱ्या प्रशिक्षण-विमानाला, नियम परवानगी देत असल्यास, चढाईकडे झुकणारे साधे पिच पुरेसे ठरते. दूरचा प्रवास करणाऱ्या विमानाला तिसऱ्या प्रकाराचा खर्च परवडतो. जमिनीवर पिच बदलावयाचे असल्यास सर्व पात्यांचा कोन अगदी सारखा असला पाहिजे. एका पात्यात अर्ध्या अंशाचा फरकही विमानाला हादरे देण्यास पुरेसा होतो.

(५) पात्यांची संख्या : तीन पात्यांचा प्रोपेलर अधिक दिसतो म्हणून अधिक ओढतो, हा गैरसमज आहे. समान व्यासाला दोन पात्यांची कार्यक्षमता सहसा किंचित सरसच असते. तीन पात्यांमुळे व्यास थोडा कमी ठेवता येतो, आवाज व कंपने कमी होतात. जमिनीपासून अंतर अपुरे असेल तेथे तीन, आणि वजन व खर्च जपावयाचा असेल तेथे दोन, असा ढोबळ नियम सांगता येईल.

(६) दुरुस्तीची सोय : पात्याला इजा झाल्यावर ते कोठे पाठवावे लागेल, मान्यताप्राप्त कार्यशाळा देशात आहे का, तोवर विमान किती दिवस उभे राहील, एकच पाते बदलता येते की पूर्ण संच घ्यावा लागतो, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. किंमत ठरवावयाची ती केवळ खरेदीची नव्हे. एका पूर्ण उघाडणीपासून दुसऱ्या उघाडणीपर्यंतच्या उड्डाण-तासांवर एकूण खर्च वाटून ती काढावी. या हिशेबात पुष्कळदा स्वस्त प्रोपेलर महाग ठरतो.

कोकणची हवा आणि खानदेशची हवा

परदेशी पुस्तकांतील आकडे १५ अंश तापमानाच्या हवेसाठी असतात. ४० अंशांच्या उन्हात, समुद्रसपाटीवरही, हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे एंजिनाला कमी हवा, पंखाला कमी आधार आणि प्रोपेलरला लोटण्यास कमी वस्तुमान, असा तिहेरी तोटा होतो. धुळ्यासारख्या उष्ण ठिकाणी मे महिन्यातील दुपारी विमान चढेल किंवा नाही, याचा हिशेब त्या हवेचे आकडे घेऊनच केला पाहिजे.

कोकणपट्टीत प्रश्न वेगळा आहे. सेकंदाला २०० मीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या टोकावर पावसाचा थेंब खड्यासारखा आदळतो. रेझीनची उघडी अग्रधार अशा माऱ्याने थोड्याच दिवसांत खडबडीत होते. म्हणून आपल्याकडील उपयोगासाठी अग्रधारेवर निकेलचे किंवा पोलादाचे कवच असलेले पाते घ्यावे. केवळ चिकटपट्टीच्या संरक्षणावर विसंबू नये. लाकडी गाभ्याच्या पात्यात मुख्य भय पाण्याच्या शिरकावाचे असते. आवरणाला गेलेली केसाएवढी चीरही ओल आत नेते. मॉस्किटो विमानांची कहाणी येथे पुन्हा आठवावी : हवेला दोष देण्याआधी जोड तपासावा.

निगा आणि तपासणी

कुंभाराकडून मडके घेताना आपल्याकडील बायका ते बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर साजूक, बद्द वाजले तर कोठेतरी चीर. संमिश्र पात्याची प्राथमिक तपासणी हुबेहूब अशीच असते. नाण्याने पात्यावर ठिकठिकाणी हलके ठोकीत जावे. एका जागी आवाज बद्द आला तर आतील थर सुटल्याची शंका घ्यावी, ती जागा खुणेने अंकित करावी आणि मान्यताप्राप्त तंत्रज्ञाचा निर्णय होईपर्यंत विमान उडवू नये. विद्यार्थ्यांना ध्वनीचा पाठ शिकविताना शिक्षकांनी चांगले व चिरलेले मडके वर्गात आणून हा प्रयोग करून दाखवावा.

प्रत्येक उड्डाणापूर्वी अग्रधार, टोके, मुळाचा भाग आणि बोल्टांचे तारबंद पाहावेत. गाभा लाकडाचा असल्यास विमान उभे करताना पाती आडवी ठेवावीत, म्हणजे ओल एका पात्यात उतरून तोल बिघडत नाही. पात्यांना धरून विमान ढकलू नये. खडी किंवा वाळू असलेल्या जागी एंजिनाचे फेरे वाढवू नयेत. प्रोपेलर स्वतःच खडे उचलून स्वतःवर मारून घेतो. पाते जमिनीला किंवा एखाद्या वस्तूला लागले, तर इजा दिसो वा न दिसो, प्रोपेलर आणि एंजिन दोन्हींची तपासणी झालीच पाहिजे. संमिश्र पाते मोडताना बराच धक्का स्वतः सोसते हे खरे. तथापि गिअरबॉक्स व क्रँकशाफ्ट सुखरूप आहेत असे त्यावरून गृहीत धरता येत नाही. प्रत्येक तपासणीची नोंद वहीत असावी. नोंद नसलेली तपासणी झालीच नाही, असे समजण्याचा प्रघात विमानक्षेत्रात आहे आणि तो योग्य आहे.

गावच्या शिवारातील प्रोपेलर

येथवरचा विचार विमानतळापुरता वाटला तरी प्रोपेलर आता शिवारात येऊन पोहोचला आहे. केंद्र शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. देशातील १५,००० महिला बचत गटांना शेतीच्या फवारणीसाठी ड्रोन देण्याचे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली. या ड्रोनांची पाती बहुधा कार्बन-तंतूंची किंवा तंतुमिश्रित प्लॅस्टिकचीच असतात. फरक आकाराचा आहे, तत्त्वाचा नाही.

ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने म्हणूनच काही पथ्ये पाळणे हिताचे ठरेल. ड्रोनच्या प्रकार-प्रमाणपत्रात ज्या बनावटीची पाती नमूद आहेत तीच घ्यावीत. बाजारात मिळणारे दिसण्यात सारखे व स्वस्त पाते बसवू नये. पाती दोन उलट दिशांनी फिरणाऱ्या प्रकारांची असतात; डावे-उजवे यांची अदलाबदल होऊ देऊ नये. टवका उडालेले पाते डिंकाने किंवा चिकटपट्टीने सांधू नये, ते बदलावे. फवारणीनंतर औषधाचा अंश ओल्या फडक्याने पुसून काढावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाती फिरत असताना लहान मुलांना व बघ्यांना दूर ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नेमून द्यावी. फिरणारे पाते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळेच ते घातक असते. ड्रोन नियम, २०२१ यांची माहिती ग्रामसभेत एकदा वाचून दाखविणे उपयुक्त होईल.

समारोप

१ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा जुन्या १९३४ च्या कायद्याची जागा घेऊन अंमलात आला. विमानांची रचना व निर्मिती या देशात व्हावी, हे उद्दिष्ट त्यामागे आहे. ते साध्य व्हावयाचे तर विमानाच्या एकेका भागाची जाण असलेली माणसे गावोगावच्या शाळांतून, तंत्रनिकेतनांतून व कारखान्यांतून निर्माण व्हावी लागतील. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात यंत्रकामाची व रसायनांची परंपरा आहे. शेजारच्या पाड्यांवर कुडाची भिंत बांधणारे हात आहेत. तंतू आणि लेप यांच्या संयोगातून बळ निर्माण होते, ही जाण आपल्याला नवी नाही.

नवी गोष्ट आहे ती काटेकोरपणाची. अर्ध्या अंशाचा फरक, केसाएवढी चीर, वहीत न केलेली एक नोंद, एवढ्याशा गोष्टींवर आकाशात दोन माणसांचे प्राण अवलंबून असतात. संमिश्र प्रोपेलर निवडणाऱ्याने द्रव्याच्या नवलाईवर न भुलता एंजिन, विमान, हवा आणि कागद यांचा मेळ बसवावा, आणि बसविल्यानंतर तो रोज तपासावा. निवड एकदाच होते; निगा मात्र प्रत्येक उड्डाणाला करावी लागते.